कान्हेरी : सहल नव्हे, धम्मयात्रा!

वसई-विरारहून लोकलने बोरिवली गाठायची, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरायचे, कान्हेरी लेण्यांत डबे उघडायचे, फोटो काढायचे आणि परतायचे. आपले अनेक बांधव एवढेच करतात. शंभराहून अधिक लेणी आणि तिथले ब्राह्मी शिलालेख पाहायचे राहूनच जातात.

यावरचा उपदेश आपल्याच नालासोपाऱ्यात सापडला आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना इथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हा लेख काय सांगतो? पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला जात. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाली : श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्मचर्चा.

कान्हेरी उभी राहिली ती अशाच साध्या माणसांच्या दानातूनही. कल्याणच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले, तिथल्याच लोहाराने वाट करून दिली. दात्यांत आपल्या सोपाऱ्याचेही लोक आहेत. नावे दगडावर कोरलेली असताना 'लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली' ही थाप अजून खपते. ती खपते, कारण आपण वाचत नाही. कष्टकऱ्याचे श्रेय असेच पुसले जाते.

म्हणून बांधवांनो, आधी मुलांना सोपाऱ्याचा स्तूप दाखवा, मग कान्हेरीला न्या. डबा जरूर न्या. पण एक तरी शिलालेख समजून घेऊन या. विहारयात्रा पुरे झाली, आता धम्मयात्रा करू.

जय भीम! नमो बुद्धाय!