तालमीचे अंग

'तालीम' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. नाटकमंडळी रात्री जागून करतात तीही तालीम, आणि गावात मारुतीच्या देवळाला लागून, लाल मातीचा आणि तेलाचा वास कोंडून राहिलेली जी ठेंगणी खोली असते तीही तालीमच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. पण तो आपल्या मुलखात आला तो एकटा नव्हे, तर कुस्ती, पेच, पहिलवान, शागीर्द असे सारे बिऱ्हाड बरोबर घेऊन, आणि त्यातल्या उस्तादाला तर आपण वस्ताद करून घरचाच मानला. पुढे यावयाच्या प्रसंगाची आधी करून ठेवलेली तयारी, हा अर्थ दोन्ही घरांना सामाईक आहे. आणि आज जी मंडळी कोणाशीही दोन हात करण्याचा इरादा नसताना, केवळ अंग बांधेसूद व्हावे म्हणून हवेत मुष्टिप्रहार करतात आणि लाथा झाडतात, त्यांच्या व्यायामाची कुळकथा या एका शब्दात आहे.

शब्द परकीय असला तरी वस्तू येथली जुनी आहे. 'आखाडा' हा संस्कृत 'अक्षवाटा'चा वंशज. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला, त्यात मल्लविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार आणि त्यांचे श्रम सांगताना त्याने ओझे उचलण्याच्या, पोहण्याच्या आणि खांबावरच्या मेहनतीचाही निर्देश केला आहे. दंगलीत राजापुढे उभे राहणे हे या श्रमांचे प्रयोजन. देह रेखीव होई, तो ओघाने.

तालमीतले कोणतेही साधन हाती घेतले तरी त्याच्या तळाशी शत्रू सापडतो. जोर काढताना छाती जमिनीलगत नेऊन पुन्हा उचलायची, ती खाली दाबला गेलेला गडी वर उसळावा म्हणून. बैठका मारायच्या, त्या प्रतिस्पर्ध्याचा भार मांड्यांवर पेलावा म्हणून. खांद्यावरून पाठीमागे मुद्गलाची जोडी घुमवायची, ती गदेचा आणि पट्ट्याचा हात सैल पडू नये म्हणून. आज शाळेच्या संचलनात ज्या लेझमीच्या चकत्या नाजूक वाजतात, ती लेझीम मूळची जड धनुकली असून तिला दोरीऐवजी लोखंडी साखळी असे, आणि तिरंदाजाचे दंड घडविणे हा तिचा धंदा होता. हौद्यातली मातीही नुसती माती नव्हे: चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखायची, आणि मग शड्डू ठोकून तिच्यात उतरायचे.

या परंपरेतील सर्वांत विलक्षण साधन म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले, असे सर्वत्र मानले जाते. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान पुण्याच्या दरबारात कोणी घेईना, तेव्हा या तरुण ब्राह्मणाने मुदत मागितली, वणीला सप्तशृंगीपाशी जाऊन आराधना केली, आणि तेथे मारुतीने खांबावर डाव दाखविले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतला दैवी अंश बाजूला ठेवला तरी तिच्यातली युक्ती खरी आहे. मनुष्य जोडीदार थकतो, रुसतो, दुखावतो. एरंडेल चोपडलेला सागवानी खांब यातले काहीच करीत नाही, आणि पकड जरा ढिली झाली की गड्याला निमूटपणे खाली घसरवतो.

पुढे 1818 साली पेशवाई बुडाली. बाजीराव सालीना आठ लक्षांचे पेन्शन घेऊन ब्रह्मावर्तास गेले. फौजा मोडल्या, शिलेदार घरी बसले, आणि 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणेही गुन्हा ठरला. प्रयोग कायमचा तहकूब झाला, तालीम मात्र चालूच राहिली. कारण लाठीला, खांबाला आणि जोरबैठकांना सरकारी परवाना लागत नव्हता.

दरम्यान आपली मुद्गलजोडी गोऱ्या शिपायांबरोबर विलायतेस पोचली होती. 1834 साली डोनाल्ड वॉकर याने आपल्या व्यायामविषयक पुस्तकात तिचा पुरस्कार केला, आणि लगेच पुढल्या वर्षी स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तिला हलके, राजदंडासारखे रूप दिले. गदेची बहीण असलेली ती जोडी तेथल्या दिवाणखान्यात बांधा सुरेख आणि खांदे ताठ राखण्याच्या चाकरीला लागली. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये तर ती फिरविण्याची स्पर्धाच होती.

आपल्याकडे तालमीला नवे धनी मिळाले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांनी आपले वस्ताद जुम्मादादा यांच्या नावाने व्यायाममंदिर चालविले. 1914 साली अमरावतीस वैद्य बंधूंनी श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि त्याच मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले देशी व्यायाम परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखविले. मुंबईत दादरला 1925 पासून समर्थ व्यायाममंदिर आहे. आणि 2019 साली शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत परदेशचे खेळाडू आपल्या खांबावर चढले.

आता त्या खांबापाशी मुली येतात, नोकरदार येतात, गुडघ्यांची तक्रार घेऊन प्रौढही येतात. अली-गुलाबांची गाठ त्यांच्यापैकी कोणालाच घ्यावयाची नाही. तरीही पहिल्या दिवशी शिकविणारा त्यांना खांबाचे अवयव सांगतो: खालचा जाड भाग ते अंग, वरचा निमुळता भाग ती मान, आणि टोकाला बोंड. मग एखादी दहा वर्षांची मुलगी बगली मारते, म्हणजे ती मान काखेत घट्ट आवळून देह उलटा वर झोकते. तिचा दंड, बरगडी, पोट एकाच क्षणी ताणले जाते, आणि कसणीत सापडलेल्या गड्याने सुटू नये एवढ्या नेटाने ती लाकडाला धरून ठेवते.