मिरचीवरचा मावा आणि ढालकिडा

कामोठ्याच्या भातखाचरांवर सिडकोच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी गॅलरीतल्या कुंडीत मिरचीचं एखादं रोप असतंच. थंडीत ढगाळ हवा पडली की कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. पानं आकसतात, चिकट होतात आणि त्या गोड चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करू लागतात. मग कुणी न बोलावता केशरी पाठीचा, काळ्या खुणांचा ढालकिडा हजर होतो. त्याला मुद्दाम कामाला लावायचं, ही युक्ती मात्र बरीच फिरून आपल्याकडे आली.

एका जिवावर दुसरा जीव सोडायची कल्पना जुनीच. चीनमध्ये संत्र्याच्या झाडांवर मुंग्यांची घरटी विकत आणून टांगत. १७६२ साली आपली साळुंकी टोळांच्या बंदोबस्तासाठी मॉरिशसला नेली गेली. ढालकिड्याचं नाव गाजलं ते १८८८-८९ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या पांढऱ्या खवले किडीनं बसत चालल्या होत्या. अल्बर्ट कोबेल हा कीटकतज्ज्ञ थेट त्या किडीच्या माहेरी गेला आणि तिला खाणारा रोडोलिया हा छोटा ढालकिडा त्यानं बोटीनं धाडला. सुरुवातीच्या खेपांतून जेमतेम १२९ किडे आले. जाळीच्या तंबूनं झाकलेल्या संत्र्याच्या झाडावर ते सोडले, वाढले तसे बागाबागांत वाटले, आणि दोनेक वर्षांत बागा सावरल्या. पुढे १९४० च्या दशकात तिथे डीडीटी फवारलं गेलं. रोडोलिया मेला, खवले कीड पुन्हा उसळली. या साऱ्या कुळकथेत मला हीच घटना सर्वांत महत्त्वाची वाटते.

भारतात पहिला मान क्रिप्टोलिमस या ढालकिड्याचा. कॉफीवरच्या खवले किडीसाठी १८९८ साली तो ऑस्ट्रेलियातून दक्षिणेत आणला. तिथे त्याचं फारसं चाललं नाही, पण पिठ्या ढेकणावर तो तुटून पडला. आज आपले द्राक्षबागायतदार त्याला नावानं ओळखतात.

माव्याचा धडा महाराष्ट्राला मिळाला २००२ मध्ये. सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता इतर जिल्ह्यांत पसरला. वाढलेल्या उसात शिरून फवारणार कसं? अखेर डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा त्याला आवरण्यात मोठा वाटा राहिला.

मिरचीसाठी तर बाहेरून काही आणायला नको. सात ठिपक्यांचा आणि नागमोडी पट्ट्यांचा, हे दोन्ही ढालकिडे इथलेच. अडचण त्यांच्या पिल्लांची आहे. पानाखाली उभी रचलेली पिवळी अंडी फुटली की निघते ती काळपट, काटेरी, सहा पायांची अळी, इवल्याशा मगरीसारखी. ढालकिड्याचं कौतुक करणारे लोक हिला कीड समजून चिरडतात. माव्याचा फडशा पाडण्यात तर हीच पुढे! एकेक मावा जबड्यात धरते, रस शोषते, पुढच्याकडे वळते.

तेव्हा शेंड्यावर मावा दिसला की आधी पान उलटून बघा. अंडी किंवा अळ्या असतील तर कुंडीवर चढणाऱ्या मुंग्या तेवढ्या रोखा, आणि कीटकनाशकाची बाटली उघडू नका.