कालरेषेवरची रिकामी जागा

लहान मुलांना इतिहास सांगताना पहिली अडचण गोष्टींची नसते, काळाची असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला अफजलखानाच्या भेटीची गोष्ट कळते, आग्ऱ्याहून सुटकेची तर फारच आवडते. परंतु आजोबांचे लहानपण, शिवाजी महाराज आणि रामायण ही तिन्ही त्याच्या मनात ‘फार पूर्वी’ नावाच्या एकाच खोलीत नांदत असतात. या खोलीत भिंती घालण्याचे काम सनावळीच्या पाठांतराने होत नाही. म्हणूनच मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांमध्ये इतिहासाची वही आणि भिंतीवरची कालरेषा ही दोन साधने लोकप्रिय झाली. मुलाने गोष्ट ऐकायची, आपल्या शब्दांत सांगायची, वहीत चित्र काढायचे आणि त्या चित्राला भिंतीवरच्या लांब पट्टीवर जागा शोधायची. ही पद्धत वरवर पाहता हस्तव्यवसायाची वाटते. तिच्यामागे मात्र अडीच शतकांचा विचार आहे.

काळ म्हणजे एक सरळ रेघ, ही कल्पना आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तीही कोणीतरी घडवली असेल असे मनात येत नाही. युरोपात फार काळ कालगणना कोष्टकांत मांडली जाई. फ्रान्समध्ये बार्ब्यू-द्यूबूर याने १७५३ मध्ये सुमारे साडेसोळा मीटर लांबीचा कालपट तयार केला. तो दोन रुळांवर गुंडाळून फिरवत पाहायचा असे. पुढे १७६५ मध्ये इंग्लंडातील जोसेफ प्रीस्टली याने आपला चरित्रपट प्रसिद्ध केला. प्राणवायूच्या शोधाशी ज्याचे नाव जोडले जाते तोच हा प्रीस्टली. त्या काळी तो वॉरिंग्टन येथील विद्यालयात शिकवीत होता. सुमारे दोन हजार व्यक्तींची आयुष्ये त्याने एकाच तक्त्यावर आडव्या रेघांनी दाखवली. त्यातली एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जन्म-मृत्यूची वर्षे निश्चित असतील तेथे रेघ सलग, आणि संशय असेल तेथे ठिपके. आधुनिक कालरेषेच्या आरंभीच अनिश्चिततेला असे चिन्ह मिळाले होते. शालेय तक्त्यांत मात्र पुढे रेघा राहिल्या आणि ठिपके गळाले.

एकोणिसाव्या शतकात पोलंडमधील याझ्विन्स्की याने शतकाची दहा बाय दहा चौकटी करून प्रत्येक घराला एक वर्ष दिले. सेनानी युझेफ बेम याने ती पद्धत सुधारली आणि एलिझाबेथ पीबडी या शिक्षिकेने ती अमेरिकेत नेली. १८५० मध्ये तिने त्यावर पुस्तक काढले आणि ठिकठिकाणी हिंडून त्याचा प्रसार केला. मुलांनी रिकाम्या घरांत स्वतः रंग भरावेत, यावर तिचा भर होता. तयार तक्ता पाहणे आणि तक्ता तयार करणे यांतला फरक येथे प्रथम ठळक झाला.

घरी शिकवणाऱ्यांवर सर्वांत मोठा प्रभाव पडला तो शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षणविचारक बाईंचा. १८८६ मध्ये प्रथम निघालेल्या ‘होम एज्युकेशन’ या त्यांच्या ग्रंथात लहान मुलांसाठी अगदी सोपी तोड आहे. कागदाचे वीस रकाने पाडावेत, प्रत्येक रकाना एका शतकाचा मानावा, आणि वाचनात जी माणसे भेटतील त्यांची नावे मुलाने योग्य शतकात लिहावीत. नेमक्या सालाची घाई या वयात करू नये. पुढे त्यांच्याच परंपरेत मोठ्या मुलांसाठी ‘शतकांची वही’ रूढ झाली. ही वही एका वर्षात भरून संपवायची नसते. ती अनेक वर्षे सोबत ठेवायची असते. बरीच पाने कोरी राहतात, आणि ती तशी राहावीत अशीच अपेक्षा असते.

आपल्याकडे हे सारे नवीन आहे काय? शकावली हा प्रकार मराठीला परका नाही. भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घरात सापडलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणली. शके १५४० ते १६१९ या काळातील घटनांच्या तीत वर्षवार नोंदी आहेत. एका घराण्याने जपलेली, स्वराज्याच्या घडामोडींसोबत आपल्या घरच्या माणसांचीही आठवण ठेवणारी ती कालरेषाच म्हणावी लागेल. आणि हिनेच शिवजन्माच्या तिथीचा प्रश्न नव्याने उभा केला. तोवर वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ हे वर्ष सर्वत्र मानले जाई. जेधे शकावलीने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी दिली; परमानंदाच्या ‘शिवभारता’ने तिला दुजोरा मिळाला. दीर्घ वाद झाला आणि अखेर महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हा वाद समजतो. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, हे त्याला शिकवावे आणि मग विचारावे, १५५१ मध्ये अठ्ठ्याहत्तर मिळवले तर १६२९ होतात, मग १६३० कसे? फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेले असते, हे उत्तर एकदा स्वतः शोधून काढले की सन ही आकाशातून पडलेली वस्तू नसून माणसांनी केलेली मोजणी आहे, हे कायमचे कळते. पट्टीवर १६३० पाशी चित्र लावावे आणि १६२७ पाशी एक ठिपका ठेवावा.

या ठिपक्याचा आग्रह धरण्याचे कारण आहे. शाळेत पुस्तक एक सांगते, शिक्षक दुसरे, शेजारच्या बाकावरचा मुलगा घरून तिसरेच ऐकून आलेला असतो. घरच्या शाळेत हा गलका नसतो. तेथे कालरेषेवर काय लावायचे आणि काय वगळायचे हे एकच आई किंवा एकच बाप ठरवतो. रेघ ठळक, रंगीत आणि भिंतीवर रोज डोळ्यांसमोर असल्याने तिचा अधिकारही मोठा. केवळ लढाया आणि राज्याभिषेक लावले तर मुलाचा भूतकाळ तेवढाच होतो. आपल्याला प्रिय असलेलीच माणसे लावली तर बाकीची जन्मलीच नव्हती असे होते. प्रेमाने केलेले हे काम म्हणूनच अधिक सावधपणे करावयास हवे.

यावरचा उपाय काही प्रमाणात रेषेतच आहे. मात्र ती मापाने काढली पाहिजे. दहा वर्षांना एक सेंटिमीटर धरा. स्वातंत्र्य आजपासून आठ सेंटिमीटरांच्या आत येते, १६७४ चा राज्याभिषेक पस्तीस सेंटिमीटरांवर, सम्राट अशोक सव्वादोन मीटरांच्या पुढे. हडप्पा संस्कृतीची भरभराटीची नगरे गाठायची तर साडेचार मीटर लागतात. खोलीची भिंत संपते आणि रेघ दाराबाहेर जाते. मधली लांबच लांब जागा मोकळी दिसते. मूल विचारते, इथे कोणीच नव्हते का? या प्रश्नासाठीच तर एवढा खटाटोप करायचा. मग नाणेघाट आठवतो, सातवाहनांचे लेख आठवतात, कार्ल्याच्या लेण्यांना दान देणारी माणसे आठवतात. त्यांतल्या काहींची नावे दगडावर राहिली. वर्ष सांगताना मात्र पुन्हा ठिपकेच घालावे लागतात. आणि ज्यांची नावे कोठेच राहिली नाहीत, त्यांच्यासाठी पट्टी कोरीच राहते.

तयार छापील चित्रांचे संच आता सहज मिळतात. ते चिकटवले की पट्टी तासाभरात भरते. परंतु भरलेली पट्टी मुलाला काहीच विचारत नाही. इतिहासाची वही चांगली की वाईट हे तिच्यातील चित्रांवरून ठरवू नये. तिच्यात खोडाखोडीला किती वाव आहे आणि मुलाने मोठेपणी येऊन लिहावे अशी किती पाने कोरी ठेवली आहेत, हे पाहावे.