दमा असेल तर धोका कमी?

परवा ऑफिसात क्लायंटने साधाच प्रश्न विचारला, "मॉडेलने हा अर्ज नाकारला, पण का?" माझ्याकडे अचूकतेचा आकडा होता, उत्तर नव्हतं. मग शनिवारी चहा घेत जुने पेपर वाचत बसलो. तर मंडळी, हा प्रश्न तीस वर्षांचा म्हातारा निघाला!

१९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत एक प्रयोग झाला. न्यूमोनियाच्या कुठल्या रुग्णाच्या जिवाला धोका जास्त, हे संगणकाने सांगायचं. धोका कमी असेल तर घरी औषधं, जास्त असेल तर ॲडमिट. १४,१९९ रुग्णांची माहिती हाताशी होती. सगळ्यांत अचूक ठरलं ते रिच कारुआना यांचं न्यूरल नेटवर्क.

पण त्याच माहितीवरून दुसऱ्या एका पद्धतीने वाचता येतील असे नियम काढले होते. त्यातला एक म्हणे, दमा असेल तर धोका कमी! डॉक्टर चक्रावले. कारण साधं होतं. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की त्याला थेट आयसीयूत हलवत, म्हणून ते वाचत. आकडे खरे, अर्थ उलटा. नेटवर्कही हेच शिकलं असणार, फक्त ते दिसत नव्हतं. आणखी काय काय दडलंय कोण जाणे, म्हणून नेटवर्क बाजूला ठेवलं आणि कमी अचूक पण वाचता येणारं लॉजिस्टिक रिग्रेशन घेतलं.

मग नेटवर्कच्या पोटातूनच नियम काढता येतील का? विस्कॉन्सिन विद्यापीठात जूड शॅव्हलिक आणि त्यांचे विद्यार्थी तेव्हा नेमकं हेच करत होते. १९९३ साली टॉवेल यांच्यासोबतचा पेपर आला, १९९६ साली क्रेव्हन यांच्यासोबतचं 'ट्रेपॅन'. ट्रेपॅन नेटवर्कला साक्षीदारासारखे प्रश्न विचारतं आणि उत्तरांवरून डिसिजन ट्री बांधतं. गोम एवढीच, की हा ट्री म्हणजे नेटवर्क नव्हे. शंभरात पंच्याण्णव वेळा दोघांचं जुळलं, तरी दम्याची भानगड उरलेल्या पाचांत असू शकते.

२०१५ साली कारुआना आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक घटकाचा परिणाम आलेखात दिसेल असं मॉडेल त्याच माहितीवर चालवलं. दमा पुन्हा उगवलाच! पण या वेळी तो दिसत होता, म्हणून हाताने काढता येत होता.

असो. सोमवारी क्लायंटला आकडा नाही, नियम दाखवणार आहे. त्यातला एखादा वेडगळ निघाला तर बरंच, निदान सापडला तरी म्हणायचा.