थोड्यांचे यंत्र आणि खेळांचा बाजार



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर धर्म, इतिहास, अर्थकारण यांची चर्चा होत आली आहे. तेथे उभे राहून कोणी संगणकावरील खेळांविषयी बोलू लागला, तर वडीलधाऱ्या मंडळींना ते काहीसे चमत्कारिक वाटेल. पण खेळ हे येथे केवळ निमित्त आहे. प्रश्न आहे तो थोड्या गिऱ्हाइकांचा. ज्यांची संख्या बाजाराच्या हिशेबात बसत नाही, त्यांनी बाजाराकडून काय मागावे आणि काय मागू नये, याचा.

या विषयाकडे मी वळलो तो आपल्या उत्तनमधीलच एका तरुणामुळे. घर मासेमारीचे, वडील होडीवर, मुलगा भाईंदरपलीकडे कॉलेजात. त्याच्याजवळचा संगणक जुना. विंडोज 10 या प्रणालीची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि नवी आवृत्ती त्या जुन्या यंत्राला पेलेना. तेव्हा एका मित्राने त्यावर लिनक्स घालून दिले. यंत्र पुन्हा चालू लागले. अभ्यास झाला, पत्रे गेली, घरचा डिझेल-बर्फाचा हिशेबही त्यावर होऊ लागला. फक्त एक गोष्ट अडली. मित्रांबरोबर रात्री खेळावयाचा, पैसे मोजून घेतलेला खेळ काही उघडेना. तो मला म्हणाला, "सर, पैसे तर आम्हीही दिले होते. मग आम्हीच बाहेर का?" या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर थोडा इतिहास पाहावा लागतो.

संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली असते, तिच्यावर बाकीच्या आज्ञावल्या चालतात. खेळ हीसुद्धा अशीच एक आज्ञावली. विंडोजसाठी रचलेला खेळ लिनक्सवर आपोआप चालत नाही. रुळांची रुंदी बदलली की गाडी पुढे जात नाही, तसाच हा प्रकार. लिनक्सचा जन्म 1991 सालचा. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्डस या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 पासून चालविलेल्या ग्नू या उद्योगाची त्याला जोड मिळाली. ज्याला हवे त्याने घ्यावे, तपासावे, सुधारावे, दुसऱ्यास द्यावे, हा त्याचा नियम. जगातील मोठमोठे सर्व्हर आज त्यावर चालतात. घरगुती मेजावर मात्र ते थोड्यांचे यंत्र राहिले, आणि खेळांचा बाजार मेजावरची डोकी मोजतो.

या थोड्यांची कुरकुर नीट ऐकली, तर तिच्यात तीन निरनिराळ्या तक्रारी आढळतात. पहिली, कंपनी आम्हाला देतच नाही. दुसरी, दिलेले काढून घेते. तिसरी, आम्ही आमच्या हाताने केलेली वाट अडविते. या तिन्ही एकाच मापाने मोजणे हा अन्याय होय. आणि बहुतेक भांडणे याच गोंधळातून होतात.

पहिली तक्रार घेऊ. आरंभी काही जणांनी लिनक्सला दिलेही. 1993 च्या डिसेंबरात निघालेला 'डूम' हा प्रसिद्ध खेळ ईड सॉफ्टवेअर या कंपनीच्या डेव्ह टेलर यांनी 1994 साली लिनक्सवर आणला. पुढे 1998 साली कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअर नावाची एक कंपनीच या कामासाठी निघाली. दुसऱ्यांचे खेळ लिनक्सवर उतरवून विकावे, हा तिचा धंदा. तिने 'सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर' सारखे नावाजलेले खेळ आणले. पण लिनक्सची आवृत्ती बाजारात येई तोपर्यंत विंडोजवरील खेळ जुना आणि स्वस्त झालेला असे. ज्यांच्या यंत्रावर दोन्ही प्रणाली नांदत, त्यांनी तो आधीच घेतलेला असे. 2002 च्या जानेवारीत लोकी बंद पडली. तिच्या मालकांना कोणी दुष्ट म्हणणार नाही. जमाखर्चाचा मेळ बसला नाही, इतकेच.

घरचेच उदाहरण पाहा. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 2020 साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ काढला. आपल्या पुराणकथांच्या वातावरणातील एक मुलगी, राक्षसांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघते, अशी त्याची कथा. तो प्रथम निन्टेंडोच्या यंत्रावर आला, त्याच वर्षी विंडोज, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती तेवढी निघाली नाही. मूठभर माणसांच्या संस्थेने आणखी एक आवृत्ती काढणे म्हणजे ती तपासणे, दर बदलाबरोबर दुरुस्त करणे, तक्रारींना उत्तरे देणे आले. तेव्हा न देणे हा काही गुन्हा नव्हे. खाजगी धंदेवाल्याने तोटा सोसून आपल्या दारी यावे, अशी मागणी हट्टाची ठरेल.

मग थोड्यांनी हात जोडून बसावे काय? येथे मराठी माणसाला आपला स्वतःचा इतिहास आठवावा. आपण मराठी वाचक एके काळी यंत्रांच्या बाजारात नेमके याच जागी उभे होतो. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी मिशनचा शिळाछापखाना पाहिला, तसा छाप स्वतः घडविला आणि 1831 साली मराठी पंचांग छापून विकले. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरी खिळ्यांना असे वळण दिले, की त्यांची कीर्ती देशभर झाली. पुढे आलेले लायनोटाइप यंत्र रोमन लिपीच्या मापाने घडलेले. त्याला कळा नव्वद, आणि आपल्या जोडाक्षरांसाठी खिळे लागत शेकड्यांनी. लोकमान्य टिळकांसारख्या व्यग्र पुरुषाने खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटाटोपात वेळ घातला, तो उगीच नव्हे. शंकर आबाजी भिसे यांनी खिळे ओतण्याचे यंत्र रचले आणि त्यासाठी विलायतेत व अमेरिकेत झगडा केला. संगणकाच्या काळातही तेच. 'ॲ' या आपल्या नित्याच्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली, 5.1 या आवृत्तीत. तोवर आपण ते अक्षर जुळवाजुळव करून काढीत होतो. कंपनी आपणहून आली नाही; थोड्यांनी आधी काम केले, मग तिला येणे परवडले.

लिनक्सवाल्यांनीही हेच केले. 1993 साली वाईन या उपक्रमाचा आरंभ झाला. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली जी मागणी करते, ती लिनक्सला समजेल अशा रूपात पुरविणारा हा दुभाषी. वर्षानुवर्षे फावल्या वेळात माणसांनी तो रचला. त्याला धनी भेटला तो मात्र स्वार्थापोटी. स्टीम हे खेळांचे दुकान चालविणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूएल यांना 2012 साली विंडोज 8 मधील नव्या दुकानामुळे धास्ती वाटली. उद्या विंडोजचा मालकच दार लावून बसला तर? म्हणून फेब्रुवारी 2013 मध्ये स्टीम लिनक्सवर आले. 2015 सालची त्यांची स्टीम मशीन ही यंत्रे फसली. पण 2018 च्या ऑगस्टमध्ये वाईनच्या पायावर उभारलेला प्रोटॉन हा दुभाषी त्यांनी दिला, आणि विंडोजचे हजारो खेळ, कर्त्यांनी बोटही न हलविता, लिनक्सवर चालू लागले. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टीम डेक हे हातातले यंत्र आले. त्याच्या पोटातही लिनक्सच. 2018 साली स्टीमवरील गिऱ्हाइकांत लिनक्सवाले शेकड्यास एकही भरत नव्हते; ऑक्टोबर 2025 मध्ये ते तिनाच्या वर गेले. तीन ही संख्या लहान आहे. पण ती मागून मिळालेली नाही, मिळविलेली आहे.

आता दुसरी तक्रार. 'रॉकेट लीग' हा मोटारींनी चेंडू खेळण्याचा खेळ लिनक्सवर रीतसर विकला गेला होता. 2019 साली त्याची कंपनी एपिकच्या मालकीची झाली आणि मार्च 2020 मध्ये लिनक्स व मॅकवरील त्याची ऑनलाइन बाजू बंद करण्यात आली. हे दोन्ही मिळून खेळणाऱ्यांत शेकड्यास 0.3 हून कमी आहेत, असे कंपनीने सांगितले. तिने पैसे परत देण्याची सोय केली, हेही नमूद केले पाहिजे. येथे हिशेब पहिल्यासारखाच आहे, पण नीती वेगळी आहे. न दिलेल्या वस्तूवर हक्क नसतो. विकलेल्या वस्तूवर असतो. गिऱ्हाईक एक असो की लाख, दिलेला शब्द तेवढाच राहतो.

तिसरी तक्रार सर्वांत अलीकडची. अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत लबाडी पकडण्यासाठी एक पहारेकरी आज्ञावली असते. 2021 साली ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी प्रोटॉनला वाट खुली केली. मात्र कुलूप उघडावयाचे की नाही, हे ज्या त्या खेळाच्या कंपनीवर सोपविले. काहींनी उघडले. सप्टेंबर 2024 मध्ये 'जीटीए ऑनलाइन'मध्ये बॅटलआय बसले, आणि कुलूप न उघडल्याने लिनक्सवाले बाहेर राहिले. 31 ऑक्टोबर 2024 रोजी 'एपेक्स लेजंड्स'च्या कंपनीने, चालत असलेला खेळ लिनक्सवर बंद केला. तिचे म्हणणे असे, की लिनक्स सर्वांना खुले असल्याने त्याचा गाभाच बदलून लबाडी लपविता येते, आणि थोड्यांसाठी एवढा पहारा परवडत नाही. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. प्रामाणिक खेळाडूला लबाडांपासून जपणे हे कंपनीचे कर्तव्यच आहे. तथापि लबाड विंडोजवरही थोडे नाहीत. तेथे मात्र कोणी सारे गावच वाळीत टाकीत नाही. थोड्यांवर संशय घेणे स्वस्त पडते, हे यातील खरे दुखणे होय.

तेव्हा उत्तनच्या त्या तरुणाला मी काय उत्तर द्यावे? नवी आवृत्ती मागणे ही विनंती आहे; ती मान्य न झाली तर रागावू नये. पण विकताना खेळ कोठे चालेल आणि किती काळ चालेल हे स्पष्ट सांगावे, दिलेले काढून घेतल्यास पैसे परत करावे, आणि दुसऱ्यांनी बांधलेला पूल सबळ कारणाशिवाय तोडू नये, या मागण्या विनंतीच्या नव्हेत, हक्काच्या आहेत. त्या करण्यासाठी संख्या लागत नाही.

शेवटी पुन्हा त्या 'डूम'कडे वळतो. ईड सॉफ्टवेअरने 1997 च्या डिसेंबरात त्याची मूळ आज्ञावली जगाला खुली केली. मुख्य गिऱ्हाइकांची जी डॉसवरील आवृत्ती, तिच्यात ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. ती देता येईना. म्हणून जी दिली ती लिनक्सची, त्या मूठभरांसाठी काढलेली. आज तो खेळ नाना यंत्रांवर जिवंत आहे, तो त्या थोड्यांच्या आवृत्तीच्या आधाराने. बहुतांच्या आवृत्तीला कुलूप होते, थोड्यांच्या आवृत्तीला नव्हते. थोड्यांसाठी केलेले काम वाया जाते, असे म्हणणाऱ्याने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.