औषध सोडण्याची रीत: नैराश्यरोधकांच्या इतिहासाची दुसरी बाजू

नैराश्यावरील औषधांचा इतिहास बहुधा त्यांच्या शोधापाशी सुरू होतो आणि यशापाशी थांबतो; ती औषधे बंद करताना होणाऱ्या त्रासाचा इतिहास मात्र जवळजवळ तितकाच जुना असूनही मागे पडला. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलंड कून यांनी इमिप्रामिन हे औषध रुग्णांना देऊन पाहिले व १९५७ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यानंतर चारच वर्षांनी क्रेमर, क्लाइन व फिंक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी हे औषध थांबवल्यावर दिसणाऱ्या मळमळ, डोकेदुखी, घेरी, अंगदुखी अशा लक्षणांची नोंद केली.

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि पाठोपाठ सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही त्याच गटातील औषधे आली. सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन मज्जापेशींनी पुन्हा शोषून घेऊ नये, यासाठी ते शोषणारी प्रथिने अडवणे हे या गटाचे कार्य होय. ती अकस्मात बंद केल्यावर जुन्या लक्षणांच्या जोडीला डोक्यात क्षणभर वीज चमकून गेल्यासारखे झटके बसत असल्याचे रुग्ण सांगू लागले. त्रासाची तीव्रता औषधागणिक वेगळी होती, कारण शरीरातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, म्हणजे अर्धायुष्य, पॅरॉक्सेटिनच्या बाबतीत साधारण एका दिवसाचे, तर फ्लुओक्सेटिन व त्यापासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याच्या बाबतीत अनेक दिवसांचे असते.

त्यामुळे फ्लुओक्सेटिन सोडताना त्रास तुलनेने कमी होई, आणि हा भेद बाजारपेठेच्याही उपयोगाचा होता. फ्लुओक्सेटिन बनवणाऱ्या एली लिली कंपनीच्या अर्थसाहाय्याने १९९६ मध्ये फिनिक्स येथे तज्ज्ञांची बैठक झाली, आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्याच कंपनीने खर्च उचललेल्या एका चाचणीत वरील तीन औषधांची तुलना झाली. परंतु तीत औषध थांबवण्याचा अवधी अवघा ५ ते ८ दिवसांचा होता. अशा अल्पकालीन निरीक्षणांतून महिनोन्‌महिने टिकणारा त्रास दिसणे शक्यच नव्हते. तरीही ब्रिटनमधील ‘नाइस’ या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेच्या २००९ च्या सूचनांत ही लक्षणे सहसा सौम्य असून सुमारे आठवड्याभरात ओसरतात, असेच म्हटलेले होते. परिणामी ज्यांचा त्रास लांबला, त्यांचा मूळ आजार उलटला असे समजून औषध पुन्हा सुरू केले जाण्याचा धोका वाढला. वास्तविक मात्रा घटवल्यावर थोड्याच दिवसांत सुरू होणारी, झटके वा घेरी यांसारखी नवी लक्षणे आणि पूर्ववत मात्रा दिल्यावर पडणारा त्वरित उतार या खुणांवरून औषध सुटण्याचा त्रास बव्हंशी ओळखता येतो.

त्रास सौम्य व अल्पकाळचा असतो, या समजुतीला २०१९ मध्ये कलाटणी मिळाली. मार्क हॉरोविट्झ व डेव्हिड टेलर या संशोधकांनी मात्रा आणि परिणाम यांचे नाते सरळ रेषेचे नसल्याकडे लक्ष वेधले. याच गटातील सिटालोप्राम या औषधाच्या २० मिलिग्रॅम मात्रेने सेरोटोनिन शोषणारी सुमारे ८० टक्के प्रथिने व्यापली जातात, तर ४० मिलिग्रॅमने हे प्रमाण जेमतेम ५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ४० वरून २० वर येणे सोपे आणि २० वरून शून्यावर येणे कड्यावरून उडी घेण्यासारखे. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आधीच्या मात्रेचा ठरावीक हिस्साच कमी करावा आणि शेवटी अगदी सूक्ष्म मात्रांपर्यंत उतरावे, असे त्यांनी सुचवले. बाजारातील गोळ्यांत इतक्या लहान मात्रा मिळत नसल्याने द्रवरूप औषधाचा, तसेच नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या, रोजची किंचित घटती मात्रा वेगवेगळ्या पुड्यांत भरलेल्या २८ दिवसांच्या पट्ट्यांचा उपयोग होऊ लागला.

त्याच वर्षी ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली, ‘नाइस’नेही सूचना सुधारल्या आणि २०२२ च्या सूचनांत प्रमाणशीर घट व द्रवरूप औषध या दोहोंचा अंतर्भाव केला. त्रास नेमका किती जणांना होतो, याबद्दल मतभेद कायम आहेत: २०१९ च्या एका आढाव्याने निम्म्याहून अधिक, तर २०२४ च्या दुसऱ्याने औषधविरहित गोळी थांबवणाऱ्यांनाही होणारा त्रास वजा करून सुमारे १५ टक्के, असा अंदाज दिला. परंतु आकड्यांचा हा वाद उपायाच्या आड येत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू मात्रा उतरवणे आणि त्रास वाढल्यास मागच्या पायरीवर थांबणे, ही रीत दोन्ही अंदाजांना सारखीच लागू पडते.