ऋणकोचा देह, नातलगांची थैली

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये थकलेली उधारी वसूल करण्याचे सर्वांत धाकाचे हत्यार म्हणजे ऋणकोचा देह. दाव्याचा निकाल लागण्याआधीच, धनकोच्या शपथेवर त्याला अटक करवता येई. ही मुभा १८३८ मध्ये जवळजवळ संपली. फ्लीट किंवा मार्शलसी तुरुंगात बसून कर्ज फिटत नसे, उलट कमाई थांबे. तरीही पद्धत टिकली, कारण तिचा खरा नेम नातलगांच्या थैलीवर होता. म्हणूनच अटकेनंतर माणसाला आधी बेलिफाच्या घरात ठेवत, भरमसाट भाडे आकारत आणि आप्तांकडून पैसे येण्याची वाट पाहत. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचे वडील १८२४ मध्ये एका पाववाल्याच्या ४० पौंडांच्या उधारीपायी मार्शलसीत गेले आणि बारा वर्षांचा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत राहिला. शिक्षा कोणाला झाली, हे उघड आहे.

यावर आक्षेप असा, की नाणेटंचाईच्या काळात व्यापार उधारीवरच चाले, मग धाक नको का? पण खुद्द व्यापाऱ्यांना अठराव्या शतकाच्या आरंभापासून दिवाळखोरीच्या कायद्याने कर्जमुक्तीची वाट दिली होती, आणि त्याने इंग्लंडचा व्यापार बुडाला नाही. ती वाट बिगरव्यापाऱ्यांना १८६१ पर्यंत बंद होती. १८६९ च्या कायद्याने कर्जासाठीची कैद बहुतांशी रद्द केली. मात्र ऐपत असून हप्ता चुकवणाऱ्याला सहा आठवड्यांपर्यंत डांबण्याचा अधिकार ठेवला. तो पुढे मुख्यतः छोट्या उधारीच्या कामगारांवरच चालला.